पोह्यांनंतर तासभर

बुधवार, रात्री साडेदहा

आज रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 11.3. पावसाळा सुरू झाला तेव्हा 9.4 होतं. बायकांसाठी 12 च्या खाली म्हणजे कागदावर मी अजून अॅनिमियातच. पण बँकेचा जिना चढून गेल्यावर आधी खुर्ची शोधावी लागायची, ते बंद झालंय. फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा. तो भरेपर्यंत गोळ्या सोडायच्या नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. आकडा वर गेला त्याचं मोठं श्रेय या गोळ्यांचंच. पोट साफ होत नाही, तोंडाला गंजासारखी चव येते, तरी घेतेय.

पण या निमित्ताने जे वाचलं, त्याने स्वयंपाकघरातलं बरंच काही हललं.

‘रक्त कमी आहे’ म्हटल्याबरोबर घरात सल्ले सुरू झाले. बीट खा, डाळिंब खा. जाऊबाईंनी तर रोज सकाळी बिटाचा रस करून ठेवायचा सपाटा लावला. लाल म्हणून रक्त वाढतं, एवढाच त्यामागचा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे जे तक्ते काढले, ते बघत बसले. शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, डाळिंबात त्याहून कमी. आणि आपली बाजरी? साडेसहाच्या आसपास. मटकी, हुलगे त्याच्याही वर. म्हणजे ज्या भाकरी-उसळीला आम्ही ‘रोजचंच जेवण’ म्हणून नाक मुरडतो, तिथेच माल होता. जाऊबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. रस गोड लागतो.

अळिवाचं मात्र वाईट वाटलं. बाळंतपणात आईने मला किती लाडू खाऊ घातले! जुन्या तक्त्यांत अळिवातलं लोह शंभर ग्रॅमला शंभर मिलिग्रॅम दिलेलं असायचं, आणि तोच आकडा अजून सगळीकडे फिरतो. नव्या मोजणीत तो सतराच्या आसपास आला. पोह्यांचंही तसंच, जुना आकडा वीस, नवा साडेचारच्या आसपास. सतरासुद्धा काही कमी नाहीत, पण एका लाडवात अळीव जेमतेम चमचाभर, बाकी गूळ नि खोबरं. लाडू करणं थांबवणार नाही. त्याच्या भरवशावर गोळी चुकवणार नाही, इतकंच.

दुसरा आकडा मात्र डोक्यातून जात नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2020 च्या शिफारशीत पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह, बाईला 29. आणि आमच्या पंगतीत उसळीचं पातेलं शेवटी खरवडून घेतं कोण?

शिवाय पोटात गेलं ते सगळं अंगी लागतं असंही नाही. धान्य-कडधान्यातलं लोह थोडंच शोषलं जातं, आणि चहातला तुरट घटक, टॅनिन, त्यातलंही अडवतो. आमच्याकडे तर प्रत्येक खाण्याला चहाची जोड. पोहे-चहा, चपाती-चहा, दुपारच्या डब्यानंतर कॅन्टीनचा कटिंग. लिंबू मात्र उलटं काम करतं, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. म्हणजे पोह्यांवर लिंबू पिळून कमवायचं आणि वर चहा पिऊन घालवायचं, असा उद्योग आम्ही वर्षानुवर्षं करत आलो.

म्हणून आता चहा खाण्यानंतर तासाभराने. ऐकायला सोपं, घरात राबवायला महाकठीण. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पाहुण्यांपुढे नुसते पोहे ठेवायचे? लोक म्हणतील, साताऱ्यात चहा महागला.” मी म्हटलं, “आई, पाहुण्यांना द्या की, मला नको.” त्यावर, “मग आम्ही पिताना तू काय तोंड बघत बसणार?” बसतेच तोंड बघत. पहिले काही दिवस डोकं असं दुखायचं की चिडचिड सगळ्या घराने भोगली.

म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेतल्या संशोधकांचं 2010 चं एक काम वाचून मजा वाटली. धान्य-कडधान्यांबरोबर कांदा-लसूण घातला तर त्यातलं जास्त लोह शोषणासाठी मोकळं होतं, असं त्यांना दिसलं. प्रयोग पचनाची नक्कल करून प्रयोगशाळेत केलेला, माणसांवर नाही, त्यामुळे फार उड्या मारण्यात अर्थ नाही. पण बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा पुढे आला की आता मी जरा सावरूनच बसते.

बिडाची कढईही माळ्यावरून काढली. घासून, तेल लावून दोन-तीनदा तापवली. आंबट भाजी केली की तिचं थोडं लोह भाजीत उतरतं. काल टोमॅटो घालून वांगी केली, ती काळीठिक्कर. लेकीने पातेल्यात डोकावून “हे कुणी जाळलं?” विचारलं. जळलं नव्हतं, चवीलाही छान होतं, पण कढईत तसंच ठेवून दिलं असतं तर तोंडात धातूची चव आली असती. शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढायचं, हे सासूबाईंनीच शिकवलं. त्यांना टॅनिन पटत नाही, बीड पटतं.

लेकीचं सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन वगैरे बघायची रक्ततपासणी, शनिवारी करून घ्यायचंय. पाळी सुरू होऊन वर्ष झालं, तोंड सारखं उतरलेलं असतं. उपाशीपोटी जायची गरज नाही, असं लॅबवाल्याने सांगितलंय, म्हणजे त्या एका कारणाने तरी ती नाही म्हणणार नाही. मटकी भिजत घातलीय. शुक्रवारपर्यंत मोड येतील.