लाउझित्स : कोळशाच्या खाणींची तळी, सायकलने पाच दिवस, सुमारे 250 किलोमीटर

जर्मनीत बर्लिन आणि ड्रेस्डेन यांच्या मधल्या लाउझित्स पट्ट्यात शंभराहून जास्त वर्षं उघड्या खाणींतून लिग्नाइट (तपकिरी कोळसा) काढला गेला. खाणी संपल्यावर उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरून वीसहून अधिक तळी तयार होत आहेत. ती अजून तयार होत आहेत, हे नियोजन करताना सर्वांत आधी ध्यानात घ्यायचं. काठाची माती पुरती बसलेली नाही, पाण्याचा आम्लपणा सगळीकडे गेलेला नाही, रस्ते बंद होतात आणि नवे उघडतात. तीन वर्षांपूर्वीचा जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसवर नोंदलेली वाट) डोळे झाकून पाळला तर एखाद्या कुंपणापाशी जाऊन थांबावं लागतं आणि मागे फिरून 10-12 किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून मुक्काम आधी ठरवा, पण दोन मुक्कामांमधली वाट सैल ठेवा.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे. इथे डोंगर नाहीत, चढ किरकोळ आहेत. कस लागतो तो वाऱ्याचा, आणि तो बहुतेक दिवस पश्चिमेचा असतो. नव्या तळ्यांच्या काठी झाडं लहान आहेत, आडोसा नाही. भरलेल्या पॅनियरसह (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्यांसह) त्या वाऱ्याच्या तोंडाला सायकल हाकायची तर ताशी 18 चा वेग 12 वर येतो. सुरुवात फिन्स्टरवाल्ड स्टेशनवरून आणि शेवट कॉटबुसला ठेवला की पहिले चार दिवस वारा पाठीशी राहतो. शेवटचा टप्पा उत्तरेकडे वळतो, पण तो बराचसा झाडीतून आणि श्प्रे नदीच्या काठाने जातो.

पहिला दिवस, सुमारे 45 किलोमीटर. फिन्स्टरवाल्डपासून लिश्टरफेल्डचा एफ-60 पूल जवळच आहे. कोळशावरची माती उचलून खड्ड्यापलीकडे टाकणारं हे यंत्र 502 मीटर लांब आणि सुमारे 11,000 टन वजनाचं आहे. 60 मीटर जाडीचा थर काढण्याची त्याची क्षमता, म्हणून नावात 60. 1991-92 मध्ये जेमतेम 13 महिने ते चाललं आणि खाणच बंद झाली. आज त्यावर चढता येतं. चढायला बंद बूट हवेत. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट लोखंडी जाळीवर घसरतात, तेव्हा साधे बूट पॅनियरमध्ये वरच ठेवा. तिथून ग्रोसरेशेनपर्यंतच्या जंगलवाटांवर या सहलीतली सगळ्यात त्रासदायक वाळू लागते. ती साखरेसारखी मोकळी असते, 32 मिलिमीटरच्या टायरखाली दबत नाही, बाजूला सरकते. उतरून ढकलणं हाच उपाय, किंवा थोडा लांबचा डांबरी मार्ग.

दुसरा दिवस मुद्दाम लहान ठेवा, 40-45 किलोमीटर, कारण पाहण्यासारखं इथेच जास्त आहे. ग्रोसरेशेनच्या तळ्याच्या जागी मॉयरो ही खाण होती. ती 1999 मध्ये बंद झाली आणि 2007 पासून तिथे पाणी भरायला सुरुवात झाली. काठावरच्या गच्चीवजा इमारती आधी बांधल्या गेल्या, तेव्हा समोर नुसता खड्डा होता. झेडलित्स तळ्याजवळचा ‘रोस्टिगर नागेल’, म्हणजे गंजका खिळा, हा 30 मीटर उंच पोलादी मनोरा आवर्जून चढावा. वरून तळी, त्यांना जोडणारे कालवे आणि अजून उघडी पडलेली माती एकाच नजरेत येते, आणि उद्याची वाट नकाशापेक्षा चांगली समजते. खालचा कालवा सोर्नो या गावाच्या नावाचा आहे. ते गाव खाणीत गेलं. लाउझित्समध्ये अशी शंभरावर गावं उठली. झेन्फ्टेनबर्गचं तळं या सगळ्यांत जुनं, 1973 पासून पोहण्यासाठी खुलं. त्याची सुमारे 18 किलोमीटरची फेरी गुळगुळीत डांबरी आहे, पण सुटीच्या दिवशी दुपारी स्केटिंगवाले आणि लहान मुलं यांची गर्दी होते. सकाळी नऊच्या आत उरका.

तिसऱ्या दिवशी गायर्सवाल्ड आणि पार्टवित्स या तळ्यांच्या काठाने होयर्सवेर्डा, आणि पुढे क्नापनरोडं; 50-55 किलोमीटर. या टप्प्यावर सावली जवळजवळ नाही. माणशी तीन लिटर पाणी हवंच. तळ्याचं पाणी फिल्टर करून पिण्याचा विचार करू नका. खणलेल्या मातीतल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा लागली की त्यातून गंधकाम्ल आणि लोह सुटतं आणि भूजलाबरोबर तळ्यात येतं. काही तळ्यांचा सामू (पीएच) 3 च्या आसपास होता. बोटींतून चुना टाकून तो वर आणला जातो. पाणी नितळ दिसतं ते कधीकधी त्यात फारसं काही जगत नाही म्हणून. प्रवासी फिल्टर गाळ आणि जंतू अडवतो, विरघळलेले सल्फेट नाही. गावातल्या नळाचं पाणी उत्तम असतं. ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नव्हे. पोहायचं ते नेमलेल्या किनाऱ्यावरच.

आता पाट्यांविषयी, कारण इथे चूक जिवावर बेतते. ‘बेट्रेटन फरबोटन’ म्हणजे प्रवेश बंद, ‘लेबन्सगेफार’ म्हणजे जिवाला धोका. खाण चालू असताना भूजल उपसलं जात होतं. उपसा थांबला की ते वर चढतं आणि सैल टाकलेल्या भरावात भरतं. एकसारख्या, गोलसर कणांची ती वाळू वरून कोरडी आणि घट्ट दिसते, पण थोड्या धक्क्याने आतली रचना कोसळते आणि सगळा उतार पातळ होऊन वाहतो. ऑक्टोबर 2010 मध्ये श्प्रेटालजवळ असाच प्रचंड तुकडा गेला आणि त्यानंतर भरावाची मोठी क्षेत्रं बंद करण्यात आली. कुंपणापलीकडे ताज्या चाकांच्या खुणा दिसल्या तरी त्या मागे जाऊ नका. ‘उमलाइटुंग’ म्हणजे पर्यायी मार्ग. तो लांब असला तरी पाळा. ॲप्समधली दुसरी अडचण म्हणजे जुने, खणून गेलेले रस्ते काही नकाशांत अजून शाबूत दिसतात. आदल्या रात्री उपग्रहचित्राशी ट्रॅक ताडून पाहणं दहा मिनिटांचं काम आहे. झेन्फ्टेनबर्ग किंवा होयर्सवेर्डाच्या पर्यटन कार्यालयात बंद रस्त्यांची ताजी माहिती विचारून घ्या.

चौथा दिवस क्नापनरोडंच्या कोळशाच्या विटा (ब्रिकेट) बनवणाऱ्या जुन्या कारखान्यापासून (आता संग्रहालय, सोमवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात) लोझा, उहिस्टमार्गे बेअरवाल्डच्या तळ्यापर्यंत, सुमारे 45 किलोमीटर. हे सॅक्सनीतलं सर्वांत मोठं तळं. पाट्यांवर जर्मनबरोबर सॉर्बियन (इथल्या स्लाव्ह अल्पसंख्याकांच्या भाषेतली) नावं दिसतील, गोंधळू नका: होयर्सवेर्डा म्हणजेच वोयेरेत्सी. मुक्काम बॉक्सबर्गला. पाचव्या दिवशी श्प्रे सायकलमार्गाने श्प्रेम्बेर्ग आणि तिथलं धरण करत कॉटबुस, सुमारे 65 किलोमीटर. नकाशावर सरळ जाता येईलसं वाटतं, पण बॉक्सबर्गच्या उत्तरेला नोख्टनची खाण चालू आहे. तिला वळसा घालावाच लागतो.

सायकल कोणतीही चालेल, टायर मात्र 40 मिलिमीटरच्या वरचे. 75 किलोचा चालक आणि 15 किलो सामान असेल तर हवेचा दाब मागे 3.5 बार, पुढे 3 बार. यापेक्षा फार कमी हवा ठेवली तर जुन्या काँक्रीट स्लॅबच्या सांध्यांवर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन भोकं पडतात. त्याच सांध्यांच्या आणि गावांतल्या दगडी फरसबंदीच्या हादऱ्यांनी कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात. निघण्यापूर्वी थ्रेडलॉक (बोल्ट ढिले होऊ न देणारा गोंद) लावा, रोज संध्याकाळी हाताने तपासा, जादा चार एम-5 बोल्ट जवळ ठेवा. दोन ट्यूब, पंक्चर किट, चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), ब्रेक पॅडचा एक जोड, दहा झिप-टाय. चेनला मेणाचं वंगण. ओल्या तेलावर वाळू चिकटून तिची कानस होते. दिवे, रिफ्लेक्टर आणि घंटी जर्मनीत सक्तीची आहेत. निळ्या गोल पाटीवर सायकल असेल तिथे मुख्य रस्ता सोडून सायकलमार्गच वापरायचा.

रविवारी दुकानं बंद, आणि लहान गावांत बऱ्याचदा दुकानच नसतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन वेळचं खाणं घेऊन ठेवा. खाणावळींचा आठवड्याचा सुटीचा दिवस असतो, बऱ्याच ठिकाणी सोमवार किंवा मंगळवार. स्वयंपाकघर लवकर बंद होतं आणि काही ठिकाणी रोखच लागते. मुक्कामाला ‘बेट अँड बाइक’ची पाटी शोधा: तिथे सायकलस्वाराला एका रात्रीसाठीही ठेवून घेतात आणि सायकल कुलपात ठेवायला जागा देतात. उन्हाळ्यात कोरड्या पाइनच्या जंगलात वणव्याचा इशारा 1 ते 5 अंकांत असतो. 5 असेल तर जंगलवाट सोडून डांबरी रस्ता घ्या. स्टोव्ह फक्त कॅम्पिंगच्या जागी पेटवा. रोज अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे आणि जांघेत गोचीड तपासा.

मध्येच थांबायची वेळ आली तर सुटकेच्या जागा पुष्कळ आहेत: ग्रोसरेशेन, झेन्फ्टेनबर्ग, होयर्सवेर्डा, लोझा, उहिस्ट, श्प्रेम्बेर्ग, सगळीकडे स्टेशनं आहेत. सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं. डॉइचलँडटिकेटमध्ये (देशभरच्या स्थानिक गाड्यांच्या मासिक पासात) ते येत नाही, आणि ब्रांडेनबुर्गमधून सॅक्सनीत गेलं की भाड्याची पद्धत बदलते. डब्यावर सायकलचं चित्र पाहून उभे राहा, पॅनियर गाडी येण्यापूर्वीच उतरवून ठेवा. कॉटबुसहून बर्लिनकडे जाणाऱ्या रविवार संध्याकाळच्या गाड्या सायकलींनी भरून जातात आणि जागा नसेल तर चढू देत नाहीत. दुपारी दोनपूर्वीची गाडी धरा, किंवा एक रात्र राहून सोमवारी सकाळी शहराच्या पूर्वेकडचं ओस्टझे पाहा: एप्रिल 2019 मध्ये त्यात पाणी सोडायला सुरुवात झाली, आणि 19 चौरस किलोमीटरचं ते तळं स्टेशनपासून सायकलने अर्ध्या तासावर आहे.