कार्डावर घटना नको, बदल लिहा

आराखडा करून कादंबरी लिहायला बसलेल्यांची एक नेहमीची तक्रार असते. कागदावर सगळं जमून आलेलं असतं, पण चौथ्या-पाचव्या प्रकरणानंतर गाडी अडते. मग खापर आराखड्यावर फुटतं. दोष बहुतेकदा आराखडा करण्यात नसतो, त्यात काय टिपलंय यात असतो. अमुक इथे गेला, तमुक भेटला, भांडण झालं, अशी घटनांची यादी तिथे असते. प्रसंग सुरू होताना परिस्थिती काय होती आणि संपताना काय झाली, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आधी हिशेब करू. कादंबरी ८०,००० शब्दांची आणि एक प्रसंग सरासरी १,६०० शब्दांचा धरला, तर ५० प्रसंग होतात. आराखड्यात प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड, म्हणजे ५० कार्डं. ३ बाय ५ इंचाची कार्डं पुरेशी आहेत. मोठी घेतली की त्यांवर संवाद उतरायला लागतात आणि लिहिण्याची भूक तिथेच भागते.

प्रत्येक कार्डावर चार ओळी. प्रसंग कुणाच्या नजरेतून दिसतो, त्या पात्राला या क्षणी काय हवंय, आड काय येतं आणि शेवटी काय बदलतं. यातली चौथी ओळ सगळ्यात आधी लिहा. ती सुचत नसेल तर त्या प्रसंगाला अजून हात लावू नका.

एक कार्ड जवळून बघू. ‘बहीण सुमनकडे येते. दोघी जुन्या आठवणी काढतात. घराचा विषय निघतो, वाद होतो.’ असली कार्डं ढिगाने सापडतात. वाद झाला, पुढे काय? दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा बोलू शकतात, जणू काही घडलंच नाही. आता हेच कार्ड असं लिहा: ‘नजर सुमनची. घर विकायच्या करारावर तिला बहिणीची सही हवी आहे. बहीण म्हणते, आधी घराचे मूळ कागद दाखव. सुमन पेटी उघडते, तर कागद नाहीत. आणि पेटीची किल्ली एकट्या सुमनकडे असते.’ इथून पुढचं कार्ड शोधत बसावं लागत नाही. बहिणीला संशय आलाय, सुमनला तो दूर करायचाय आणि किल्ली कधी, कुणाच्या हाती पडली हा प्रश्न उभा राहिलाय. आठवणी हव्याच असतील तर पेटी उघडता उघडता दोन वाक्यांत निघतील. त्यांच्यासाठी वेगळा प्रसंग खर्च करायची गरज नाही.

कार्डं पहिल्यापासून ओळीने भरू नयेत. शेवटचं कार्ड आधी भरा आणि उलटं मागे या: हे घडायचं तर त्याच्या आधी काय घडलेलं असलं पाहिजे? शेवटी सुमन घर न विकायचं ठरवणार असेल, तर त्या घराबद्दल तिला काहीतरी नव्याने कळायला हवं. ते सांगणारं माणूस आधी भेटलेलं हवं. ते माणूस ४४व्या कार्डावर पहिल्यांदा उगवलं, तर वाचकाला ती लेखकाची सोय वाटते. ८व्या आणि २१व्या कार्डावर ते दुसऱ्याच कामासाठी येऊन गेलं असेल, तर कुणाला खटकत नाही. योगायोगाचंही तसंच आहे. पात्राला संकटात ढकलणारा योगायोग वाचक चालवून घेतो, सोडवणारा नाही.

मधला भाग हे खरं दुखणं. साधारण १८ ते ३२ या कार्डांत कथा पाणी धरून बसते, कारण पहिल्या कार्डावरचाच प्रश्न अजून चालू असतो आणि अडथळे नुसते संख्येने वाढत असतात. सही मिळेना, वकील भेटेना, पैसे पुरेनात. अडथळा वाढवून उपयोग होत नाही, प्रश्नच बदलावा लागतो. २५व्या कार्डाच्या आसपास ‘घर विकलं जाईल का?’ याचा ‘घर आधीच कुणी विकलंय का?’ झाला, की उरलेल्या निम्म्या कादंबरीला नवा दम येतो. याच पट्ट्यात आणखी एक गोष्ट तपासा: नायिका निर्णय घेते आहे की नुसते फटके खाते आहे? लागोपाठ तीन कार्डांवर सगळं काही दुसऱ्यांनीच केलेलं असेल, तर त्यांतलं एक तरी तिच्या हाती द्या.

उपकथानकांसाठी भरताच्या नाट्यशास्त्रातले शब्द आजही कामाला येतात. लांबवर सोबत चालतं ते पताका, थोडक्यात आटोपतं ते प्रकरी. आणि मध्येच तुटलेला मुख्य धागा पुन्हा जोडून देतो तो बिंदू. हा शब्द अगदी शब्दशः वापरा. प्रत्येक धाग्याला एक रंग ठरवा, तो ज्या कार्डावर येतो तिथे त्या रंगाचा ठिपका द्या आणि सगळी कार्डं जमिनीवर मांडा. एखादा रंग सलग सात-आठ कार्डं दिसला नाही, तर वाचक तो धागा विसरला असं समजा.

कथा मागे-पुढे उड्या मारत असेल तर कार्डावर दोन आकडे हवेत. वरच्या कोपऱ्यात प्रसंग प्रत्यक्ष कधी घडतो तो दिवस, खालच्या कोपऱ्यात तो वाचकासमोर कितवा येतो ते. एकदा वरच्या आकड्याप्रमाणे लावून वाचा. वय, ऋतू, प्रवासाला लागणारा वेळ यांतल्या चुका तिथेच पकडल्या जातात. रहस्यकथा असेल तर कुणाला काय कितव्या कार्डावर कळलं, याचा वेगळा तक्ता ठेवा. त्यात वाचकासाठीही एक रकाना लागतो.

पहिला खर्डा झाला की जुनी कार्डं बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष उतरलेल्या मजकुरावरून नवी यादी करा, प्रसंगाला एक ओळ. मग एकेक ओळ झाकून बघा. ती नसली तर पुढे कुठे काही बदलावं लागतं का? लागत नसेल तर प्रसंग काढा. एकच काम करणारे दोन प्रसंग सापडले तर जास्त अडचणीच्या जागी घडणारा ठेवा आणि दुसऱ्यातली लागेल तेवढी माहिती त्यात ओता. प्रकरणं कुठे तोडायची ते यानंतर ठरवा.