किनाऱ्याची रेघ आणि एम.एस्सी.ची निवड

भूगोलाची पदवी घेतल्यानंतर उपयोजित अभ्यासक्रम घ्यावा की संशोधनावर भर देणारा, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्यासमोर होता आणि आता माझ्या मावसबहिणीसमोर आहे. फोनवर तिला सांगताना बरेच राहून गेले, म्हणून ते येथे लिहिते आहे.

माझा कल आधी उपयोजित शाखेकडे होता. जीआयएस (संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचे तंत्र) आणि सुदूर संवेदन (उपग्रहाच्या प्रतिमांवरून जमिनीचा अभ्यास) शिकून दोन वर्षांत नोकरीला लागावे, ही घरची अपेक्षा रास्तच होती. शिवाय जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. तेव्हापासून पूररेषेचे आणि धोकादायक उतारांचे नकाशे वेळेवर हाती असण्याचे मोल कोकणात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मात्र पदवीच्या शेवटच्या वर्षी मी आमच्या गावच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, एक छोटा प्रकल्प केला. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या दोन प्रतिमांवर पाण्याची कड आखली, तर समुद्र सुमारे 50 मीटर आत आलेला दिसला. नकाशा घेऊन मी शेजारच्या तात्यांकडे गेले. त्यांचा सारा जन्म होडीवर गेलेला. त्यांनी नकाशावरून बोट फिरवले आणि विचारले, "गो बाय, ही चित्रं कुठल्या तिथीची?"

पंचांग उघडले. पहिली प्रतिमा अष्टमीची होती, दुसरी पौर्णिमेची. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्यानुसार पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास भरती येते, तर अष्टमीला सहाला भरती होऊन बाराच्या सुमारास ओहोटी. उपग्रह मात्र दर खेपेला सकाळी अकराच्या आसपासच येतो. म्हणजे एका प्रतिमेत पाणी जवळजवळ भरलेले होते आणि दुसरीत उतरत आलेले. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल, तर पाणी एक मीटर चढताच कड 50 मीटर सरकते. वाळू कुठे गेलीच नव्हती.

त्या दिवसापासून किनाऱ्याची रेघ कशी ठरते, हाच प्रश्न मनात राहिला, आणि म्हणून मी संशोधनाची वाट धरली. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांत घर कुठे बांधता येईल हे भरतीरेषेवरून मोजले जाते, त्यामुळे हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. दिलेल्या रेषेवरून ठरलेल्या मुदतीत चोख नकाशा करून देण्यात ज्याला समाधान मिळते, त्याने उपयोजित शाखाच घ्यावी. ते काम कमी प्रतीचे मुळीच नाही. संशोधनात मिळकत उशिरा सुरू होते, आणि घरी तेवढा धीर आहे का, हे प्रवेशापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

अभ्यासक्रमाच्या नावावर मात्र विसंबू नये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2024 च्या आराखड्यात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष पूर्णपणे संशोधनाला देण्याची मुभा आहे, परंतु आपल्या विभागात ती प्रत्यक्षात मिळते का, हे विचारावे. मागच्या तुकडीचे प्रबंध मागून पाहावेत. मोजमापे स्वतः घेतलेली आहेत की सारी उतरवून घेतलेली, हे चार पाने चाळली तरी कळते.

पावसाळ्यात पुळणीवरची वाळू ओढली जाते आणि नंतर बरीचशी परत येते, म्हणून मी मे महिन्यात उतार मोजून ठेवला आहे. दिवाळीनंतर त्याच खुणांवरून पुन्हा मोजायचा आहे, आणि या वेळी तिथी तात्यांना विचारून ठरवली आहे.