खोलीबाहेरचं सत्र शिकवताना: आमची वाटचाल

आम्ही पूर्वी समुपदेशकांसाठी संवादकौशल्याची प्रशिक्षणं घ्यायचो. निसर्गाचा विषय त्यांनीच आमच्यापुढे आणला. "खोलीत गप्प बसणारा मुलगा चालता चालता मोकळा बोलतो. मग सत्र बाहेरच घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊ लागला. काही जण तसं करतही होते, पण गुपचूप, कारण ते कसं करायचं हे कुणी शिकवलंच नव्हतं. समुपदेशकांना निसर्गात सत्र घ्यायला शिकवण्याचं आमचं आजचं काम त्या प्रश्नातून उभं राहिलं.

आधी संशोधन वाचून काढलं. जपानच्या वनखात्याने १९८२ साली वनस्नानाची, म्हणजे मन शांत करण्यासाठी जंगलात निवांत वेळ घालवण्याची, कल्पना लोकांपुढे मांडली, तेव्हापासून या विषयावर बरंच लिहिलं गेलंय. २०१५ च्या एका अमेरिकी प्रयोगात दीड तास निसर्गात चालून आलेल्या लोकांच्या मनातलं त्याच त्याच विचारांचं घोळणं कमी झालं. गजबजलेल्या रस्त्याने चाललेल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. आम्ही हे शिकवतो, आणि ही माणसं निरोगी होती हेही लगेच सांगतो. नैराश्याच्या रुग्णाची गोळी बंद करून त्याला जंगलात पाठवावं, असा अर्थ त्यातून अजिबात निघत नाही. निसर्ग उपचाराच्या जोडीला येतो, त्याच्या जागी नाही.

पण आमच्या अभ्यासक्रमात सर्वात जास्त वेळ जातो तो चौकटीवर, म्हणजे सत्राच्या मर्यादा आणि नियमांवर. खोलीला दार असतं, बाहेर ते नसतं. वाटेत क्लायंटच्या ओळखीचं कुणी भेटलं तर काय करायचं, समुपदेशकाची ओळख कशी करून द्यायची, की द्यायचीच नाही? हे क्लायंटशी आधी बोलून संमतीपत्रात लिहून ठेवावं लागतं. शेजारी शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून अवघड गोष्ट ओठांवर लवकर येते. त्यामुळेच सत्र कुठे थांबवायचं, परतीची वाट कधी धरायची, हे आधी ठरलेलं हवं. जखम उघडी पडलेली असताना वेळ संपली असं व्हायला नको. एखाद्यावर मोकळ्या, निर्मनुष्य जागीच अत्याचार झालेला असतो. त्याला झाडीत नेणं म्हणजे शांततेच्या नावाखाली पुन्हा त्याच भीतीत ढकलणं. आत्महत्येचा तीव्र धोका असेल तेव्हा आधी सुरक्षितता आणि मानसोपचारतज्ज्ञ. बाकी सगळं नंतर.

औषधांचं सत्र आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञच घेतात. लिथियम हे मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध. ते घेणाऱ्याच्या शरीरातलं पाणी उन्हात कमी झालं तर रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढू शकते. सायकोसिसवरच्या (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या आजारावरच्या) काही औषधांमुळे शरीराला उष्णता नीट सोसवत नाही. ही माहिती नसलेल्या माणसाने रुग्णाला भर दुपारी फिरायला नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणूनच एका दिवसात प्रमाणपत्र द्या, अशी मागणी आली की आम्ही नकार देतो. कंपन्यांच्या सहलींना उपचाराचं नाव लावून देण्याची कामंही घेत नाही. पैसा त्यात जास्त आहे, हे खरं. आमच्या तुकड्या लहान असतात, आणि प्रशिक्षण संपल्यावरही सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी व्यक्तीचं मार्गदर्शन, चालू राहतं, कारण खऱ्या अडचणी पहिला क्लायंट बाहेर नेल्यावरच समोर येतात.

सध्या रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी वेगळा भाग तयार करतो आहोत. त्यांचे रुग्ण बाहेर जाऊच शकत नाहीत. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडं दिसणाऱ्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी सोडलं गेलं आणि तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तेव्हा खाट कुठल्या खिडकीशी ठेवायची, कुंडीतल्या रोपाची देखभाल रुग्णाकडे कशी सोपवायची आणि कुंडीतल्या मातीचा संसर्ग कुणाला होऊ शकतो, इथून आम्ही सुरुवात केली आहे.