पाच वस्त्या, एक रस्ता आणि आमची दीड वर्षं

आमच्या रस्त्याचं काम झालेलं बघून ओळखीचे लोक विचारतात, कसं केलात ओ, कुणाची ओळख लावलात. ओळख वगैरे काही नव्हती. पण उत्तर दोन वाक्यात संपत नाही आणि गेटवर उभं राहून तेच तेच सांगून मीच कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. कुठल्या ऑफिसात कोण काय बोललं ते नावानिशी लिहिणार नाही, कारण उद्या परत त्याच टेबलासमोर उभं राहायचं आहे.

आम्ही बेळगावच्या दक्षिण बाजूला, वडगाव सोडून येळ्ळूरकडं जाताना आत जो भाग लागतो तिकडं राहतो. माझ्या लहानपणी हे सगळं शिवार, भात पोटरीत आलं की बासमतीचा वास घरात यायचा. मग एकेका सर्व्हे नंबरात साइट पडत गेल्या. आता जेमतेम किलोमीटरभर रस्त्यावर पाच वस्त्या आहेत. वर चढावर दोन नगरं, मध्ये मागवाल्यांची, म्हणजे विणकरांची जुनी गल्ली, तिच्या मागं गुंठा साइटची कॉलनी आणि सगळ्यात खाली नाल्याकडची घरं. दोन नगरांच्या संघटना रजिस्टर आहेत, गल्लीला पंच कमिटी आहे, गुंठा कॉलनीत गणपती मंडळच सगळं बघतं आणि खाली बायकांचा स्त्रीशक्ती संघ. मी वरच्या दोनपैकी एका नगराचा सेक्रेटरी, म्हणजे मीटिंगला कोणी तयार नव्हतं आणि मी उद्यमबागेत सेकंड शिफ्टला असतो, सकाळी मोकळा, म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

पाऊस लागला की रस्त्याच्या मध्यावर मागवाल्यांच्या वळणाला तळं. तिथून पाणी भरून भरून एकदम खाली सुटणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर बळ्ळारी नाला उलटा फिरला आणि खालच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी, तांदळाची पोती भिजली, एका घरातला फ्रिज तरंगत दारापर्यंत आला होता. त्यानंतर दरवर्षी प्रत्येकजण आपापलं निवेदन देत होता. आमच्या फायलीतच सात होती. आम्ही मागत होतो डांबर, गल्ली मागत होती गटार, गुंठा कॉलनी लाइटचे खांब, खालचे नालासफाई. फोटो काढायचा, पेपरात दोन ओळी यायच्या, झालं.

२०२३ च्या जुलैत एका रात्री खालच्या लोकांनी मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालनं पाणी जायच्या वाटेच्या तोंडाला वाळूची पोती लावली. सकाळी आमच्या पहिल्या दोन घरांच्या पायरीपर्यंत पाणी. मग काय, आरडाओरडा, कोणी पोती ओढायला लागला, कोणी त्यावर बसला. खालच्या एक अक्का होत्या, त्या पोत्यावरनं उठेचनात. म्हणाल्या, "तुमचं पाणी दरवर्षी आमच्या चुलीत येतंय, एक दिवस तुमच्या पायरीवर आलं तर काय बिघडलं?" माझ्याकडं याला उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

त्याच आठवड्यात मी आठवं निवेदन घेऊन गेलो. इनवर्डला, म्हणजे अर्ज घेतात त्या टेबलाला एक मॅडम असतात, कन्नड बोलणाऱ्या, माझं मराठी समजतं त्यांना, मलाही त्यांचं कन्नड समजतं. "साहेब्रु इल्ला, नाळे बर्री" (साहेब नाहीत, उद्या या) हे वाक्य मी त्यांच्याकडनं किमान वीस वेळा ऐकलेलं. त्या दिवशी त्यांनी शिक्का मारता मारता सांगितलं की ह्याच रस्त्याचे तीन अर्ज याच महिन्यात आलेत, तिघांची तीन वेगळी कामं, एक म्हणतो मोरी मोठी करा, एक म्हणतो बंद करा, मग साहेब कुठलं करणार, तिन्ही बाजूला पडतात. दीड मिनिटात जे कळलं ते चार वर्षात कुणी सांगितलं नव्हतं.

मग पाचही ठिकाणची माणसं देवळाच्या हॉलमध्ये बोलावली. पहिली मीटिंग फुकट गेली. चुरमुरे आणि मिरची संपली तेवढंच. सगळे एकमेकांना दोष देत होते, मुख्य म्हणजे सगळ्यांचं ठाम मत की गुंठा कॉलनीवाल्यांनी माती टाकून भर केली म्हणून पाणी अडतंय. ते बिचारे त्यात जुने अपराधी, त्यांचा लेआउट मंजूर नाही, आतले रस्ते कुणाच्या यादीत नाहीत, त्यामुळं ते जरा आवाज खाली ठेवूनच बोलायचे.

शेवटी गल्लीतले एक गवंडी मामा वैतागून म्हणाले, "नुसतं काय बोलूलालाय, रविवारी सकाळी लेव्हलची नळी घेऊन येतो, बगू की पाणी कुठं जातंय ते."

ती सकाळ मला सगळी आठवते. पारदर्शक नळी, आत पाणी, त्यात मामांनी थोडी नीळ घातलेली म्हणजे दिसावं. एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या. आमच्या नगराच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली, दर तीस-चाळीस फुटावर कंपाउंडच्या भिंतीवर खडूची रेघ आणि बाजूला आकडा, इंच. मी मशीनशॉपवाला, मला मायक्रॉनची सवय, मनात म्हटलं ह्या नळीनं काय कळणार. पोरं मागं मागं, बायका दारात, कुणी म्हणे आमच्या भिंतीवर लिहू नका, परवाच रंग दिलाय. गल्लीच्या वळणाला आलो आणि मामा थांबले. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा मला बघायला लावलं. पुढं खाली जाणारी जी गटार होती तिचा तळ वळणावरच्या रस्त्यापेक्षा सात इंच वर होता. म्हणजे पाणी सात इंच भरल्याशिवाय पुढं जाणारच नाही, आणि सुटलं की लोंढ्यानं सुटणार. गुंठा कॉलनीच्या मातीचा काही संबंध नाही. त्यांचा मंडळाचा अध्यक्ष तिथंच उभा होता, काही बोलला नाही, फक्त आमच्याकडं एकदा बघून चहा सांगायला गेला.

त्यानंतरच्या मीटिंगा सोप्या झाल्या म्हणणार नाही, पण भांडायला निदान एक आकडा मिळाला. ठरलं असं की मागणी एकच करायची: आधी मोरीपासून वरपर्यंत गटार लेव्हलमध्ये, मग पाण्याची पाइप आणि घरोघरची कनेक्शनं, सगळ्यात शेवटी डांबर. हा क्रम महत्त्वाचा. डांबराचा वैरी पाणी, पाणी साठलं की खडी सुटते, शिवाय डांबर झाल्यावर नळाला खणलं की रस्ता गेला. आमच्या नगरातले लोक यावर तडकले, डांबर शेवटी म्हणजे आपण शेवटी काय? दोघांनी वर्गणी बंद केली. अजून दिलेली नाही.

एकत्र संघटना रजिस्टर करावी असं काहीजण म्हणत होते, १९६० चा सोसायटी कायदा, नियमावली, ऑडिट. आम्ही नाही केली. अध्यक्ष कोण यावरच सहा महिने गेले असते. एकच निवेदन, खाली पाच जणांचे पाच शिक्के, बस.

मधल्या काळात माहिती अधिकारात अर्ज टाकला. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगतो, कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत लागतात. माझा पहिला अर्ज दोन पानी होता, सगळी कर्मकहाणी लिहिलेली, तो परत आला. दुसऱ्यात एवढंच मागितलं, ह्या रस्त्याचं मागचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि मेजरमेंट बुकची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहितात त्या वहीची प्रत. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, कागदाला पानी दोन रुपये, मुदत तीस दिवस. आले कागद चाळीसाव्या दिवशी, पण आले. मागच्या कामात दोन्ही बाजूला गटार दाखवलेली, प्रत्यक्षात एका बाजूला आणि तीही अर्धी. हा कागद हातात असला की समोरचा माणूस खुर्ची देतो, हा माझा स्वतःचा अनुभव.

आता भाषेचं. निवेदन कन्नडमध्ये की मराठीत यावर गल्लीत दोन गट पडले. माझं मत लपवत नाही, सीमाभागात आम्ही एवढे लोक आहोत तर पंधरा टक्क्यांच्या नियमानं (एखाद्या भागात अल्पसंख्य भाषेचे तेवढे लोक असले तर त्यांच्या भाषेत कागद द्यायचे) मराठीत कागद मिळायलाच पाहिजेत आणि ती मागणी मी सोडलेली नाही. पण आमच्या गल्लीत निम्मे विणकर कन्नड बोलणारे, खाली मुसलमान घरं, आणि टेबलावरचा माणूस कन्नडच वाचणार. तर वर कन्नड, मागच्या पानावर तेच मराठीत, दोन्हीवर सह्या. कन्नड मजकूर गल्लीतल्या एका रिटायर मास्तरांनी लिहिला, त्यांनी माझ्या मराठीतल्या चारएक चुकाही काढल्या, म्हणजे बघा.

अठ्ठावन वॉर्डांच्या शहरात आमचा रस्ता नेमका दोन वॉर्डांच्या हद्दीवर, शेवटचा दोनशे फुटाचा तुकडा तर ग्रामपंचायतीत. आधी एक नगरसेवक म्हणायचे ते त्यांच्याकडं, दुसरे म्हणायचे ह्यांच्याकडं. पाच शिक्के घेऊन दोघांना एकाच दिवशी एकाच वेळी देवळात बोलावलं. दोघेही आले, कारण दुसरा येतोय हे दोघांनाही सांगितलं होतं. ही आयडिया खालच्या अक्कांची.

इंजिनियर साइटवर आले २०२३ च्या नोव्हेंबरात. खडूच्या रेघा पावसानं धुतल्या होत्या, पण मामांनी आदल्या दिवशी परत मारून ठेवलेल्या. साहेब तरुण होते, आधी जरा हसले, मग स्वतःचं लेव्हलचं मशीन लावलं, आणि वळणावर त्यांचा आकडा आमच्यापेक्षा अर्धा इंच कमी. मामा पुढं आठवडाभर हेच सांगत होते की मशीनला अर्धा इंच चुकतोय.

मग वाट बघणं. डिसेंबरात सुवर्णसौधात, म्हणजे इथल्या विधानसभेच्या इमारतीत राज्याचं अधिवेशन, सगळे तिकडं ड्युटीवर, "अधिवेशन झाल्यावर या". जानेवारीत एस्टिमेट, फेब्रुवारीत टेंडर, आणि वर्क ऑर्डर निघायच्या आत १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ७ मेला आमचं मतदान, संहिता उठली जूनमध्ये आणि तोवर पाऊस. एक पूर्ण पावसाळा परत तेच तळं. ह्या काळात आमचं जवळजवळ मोडलंच होतं. लोक म्हणायला लागले, आपापलं बघूया. खालच्या लोकांनी पोती काढून तयार ठेवली होती, लावली मात्र नाहीत. अक्का म्हणाल्या ह्या वर्षी नाही लावत, पण पुढच्या वर्षी मला विचारू नका.

काम सुरू झालं दिवाळीनंतर. गटारीचं काँक्रीट पडलं की पाणी मारायला ठेकेदाराचा माणूस एक दिवस आला, दुसऱ्या दिवसापासून गायब. मागवाल्यांनी वाटून घेतलं, सकाळी माग सुरू करायच्या आधी बादल्या, संध्याकाळी बंद केल्यावर बादल्या, वर पोती अंथरून ओली ठेवायची. ती पोती तीच, मोरीला लावलेली. नळाच्या कनेक्शनसाठी संघाच्या बायका घरोघर फिरल्या, अकरा घरांनी अजून अर्जच केलेले नव्हते, त्यांना बसवून भरून घेतले. एका काकांनी भांडून नकार दिला आणि डांबर पडल्यावर तिसऱ्या दिवशी आले, मला कनेक्शन पाहिजे म्हणून. त्यांचं अजून टँकरवर चाललंय.

डिसेंबर २०२४ मध्ये १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी, गावभर रोषणाई, खडीचे ट्रक काही दिवस आलेच नाहीत. पोरांना घेऊन टिळकवाडीला लाइट बघायला गेलो, काँग्रेस विहीर दाखवली. गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनाला, आणि आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी ही विहीर खोदली होती म्हणून सांगितलं. पोरगा म्हणतो, म्हणजे त्यांनी पाण्याचं पण बघितलं होतं. घरात मीटिंगा ऐकून ऐकून पोरं अशी झालीत.

फेब्रुवारीत डांबर पडलं. पंधरा दिवसात एका केबलवाल्यांची गाडी आली, कटर लावला. मी शिफ्टला, फोन आला. मी पोचेपर्यंत गल्लीतले वीस-पंचवीस लोक गाडीभोवती, मारामारी नाही काही, फक्त एकच प्रश्न, परवानगीचं पत्र दाखवा. पत्र दुसऱ्याच रस्त्याचं निघालं. गेले गुपचूप. वर्षापूर्वी ही गाडी आली असती तर आमच्या नगरानं म्हटलं असतं, गल्लीकडं खणतायत ना, खणू देत.

२०२५ च्या मे महिन्यातच पाऊस जोरात लागला. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री साडेअकराला शिफ्टवरनं येताना वळणावर गाडी थांबवली तर छत्र्या घेऊन दहाएक माणसं आधीच उभी, टॉर्च गटारीत. पाणी चाललं होतं. आवाज करत, न थांबता. अक्का खालनं वर चालत आलेल्या, मोरी बघूनच आल्या होत्या, म्हणाल्या कडेनं वीतभर जागा अजून मोकळी हाय. गवंडी मामांनी मात्र गुंठा कॉलनीच्या कोपऱ्यावर एक डबकं शोधून काढलंच.

राहिलाय तो पंचायतीतला दोनशे फुटाचा तुकडा. तिथं आमचं डांबर संपतं तिथं चार इंचाची पायरी झालीय, दोन टू-व्हीलरवाले पडले. त्याचं निवेदन परवा दिलं. पलीकडच्या दोन गल्ल्याही सामील झाल्यात म्हणून ह्यावेळी शिक्के सात. पोचपावती माझ्याकडं आहे, नळीचं माप रविवारी सकाळी साडेसातला.