वास मोरीत, बिघाड गच्चीवर

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बाथरूमला वास मारू लागला. मोरी तुंबली म्हणावं, तर पाणी झरझर जात होतं. मी फिनाइल ओतलं, मग अ‍ॅसिड. दोन तास बरं वाटायचं, पहाटे वास पुन्हा हजर.

प्लंबरकाकांनी जाळी काढून आत बोट घातलं. "तुमच्या ट्रॅपात पाणीच राहत नाहीये."

नहाणी ट्रॅप म्हणजे जाळीखालची वाटी. सगळं पाणी वाहून गेलं तरी तिच्यात ५० मिलिमीटरच्या आसपास पाणी अडून राहतं आणि तेवढ्यावरच पाइपातली कुजकी हवा खाली अडते. (युक्ती जुनी आहे. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी संडासाच्या पेटंटात असाच वाकडा पाइप घातला होता. पेशाने घड्याळजी!) घर महिनाभर बंद असलं की हे पाणी आटतं. पण आमच्याकडे रोज चार अंघोळी होतात.

मग मी खराट्याचा हीर घेऊन मोजायला लागलो. रात्री पाच सेंटिमीटर ओला, सकाळी जेमतेम दीड. तिसऱ्या दिवशी पहाटे टॉर्च घेऊन पाटावर बसलो. "आता मोरीची राखण करा," बायको म्हणाली. साडेपाचला वरच्या काकूंनी कपड्यांची बादली ओतली. पाइपात धो धो झालं, आणि आमच्या ट्रॅपातलं पाणी गुडगुड करत माझ्या डोळ्यांदेखत खाली ओढलं गेलं.

प्लंबरकाकांना सांगितलं, तर ते थेट गच्चीवर निघाले. उभ्या पाइपातून पाणी पडताना हवाही सोबत ओढून नेतं. ती हवा वरच्या उघड्या तोंडातून यावी म्हणून पाइप गच्चीच्या वर काढलेला असतो. ते तोंड बंद झालं, की पाइप मिळेल तिथून हवा ओढतो, म्हणजे आमच्या ट्रॅपातून. मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं होतं. खडी आत पडू नये म्हणून कुणीतरी पाइपावर सिमेंटची गोणी बांधली, आणि ती तशीच राहिली.

गोणी कापली, वर नवं काउल (पाइपाच्या तोंडावरची जाळीदार टोपी) बसवलं. दुसऱ्या पहाटे बादली पडली, पण गुडगुड नाही. हीर पाच सेंटिमीटर ओला निघाला. काउलचे दीडशे झाले. अ‍ॅसिडवर मी त्याहून जास्त घातले होते.