फुगलेला कपॅसिटर: बोर्ड भंगारात देण्याआधी

सेतू केंद्रातला किंवा जिनिंगच्या वजनकाट्यावरचा जुना डेस्कटॉप दिवाळीनंतर थंडी पडली की सकाळी चार-पाचदा बटण दाबल्यावर सुरू होतो आणि तापला की दिवसभर चालतो. असं असेल तर आधी मदरबोर्डवरचे (संगणकाच्या मुख्य बोर्डावरचे) कपॅसिटर, म्हणजे विजेचा पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे डबे बघा. बिघाड उन्हाळ्यातलाच असतो. टिनाच्या छपराखाली पारा ४५ च्या वर, त्यात हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत) कापसाची धूळ. कपॅसिटरच्या आतला द्रव सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. थंडीत उरलेल्या द्रवाचा रोध आणखी वाढतो, म्हणून दुखणं तेव्हा कळतं.

प्रोसेसरभोवतीचे उभे डबे बघा. माथा सपाटच हवा. फुगवटा, माथ्यावरच्या खाचेतून तपकिरी डाग, किंवा बुडाचं रबर बाहेर येऊन डबा तिरका झालेला, यातलं काहीही दिसलं तर तो गेला. बोर्डावर असताना मल्टीमीटरने मोजू नका. शेजारचे कपॅसिटर समांतर जोडलेले असतात, त्यामुळे आकडा फसवतो.

नवा घेताना मायक्रोफॅरड (क्षमतेचा आकडा) तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि ‘लो ईएसआर’, म्हणजे आतला रोध कमी असलेला. जागेत बसेल असा व्यास आणि उंचीही मोजून न्या. पंखे-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातला साधा ८५ अंशांचा ६.३ व्होल्ट १५०० मायक्रोफॅरड दिसायला तसाच असतो, पण इथे लवकर फुगतो. नागपूर-अमरावतीची फेरी असेल तेव्हा बोर्डावर त्याच बनावटीचे जितके असतील तितके सगळे आणा; एक फुगला म्हणजे बाकीचेही त्याच वाटेवर असतात.

काढण्याआधी फोटो घ्या. डब्यावरचा पट्टा म्हणजे ऋण बाजू. बोर्डावरच्या अर्ध्या पांढऱ्या वर्तुळावर विसंबू नका; बहुतेक ठिकाणी पांढरं म्हणजे ऋण, पण काही बोर्डांवर उलटं छापलेलं असतं. उलटा बसलेला कपॅसिटर चालू करताच फुटू शकतो.

बोर्ड खरे मरतात ते काढताना. ऋण पाय आतल्या तांब्याच्या सलग थराला जोडलेला असतो, तो सगळी उष्णता ओढून घेतो. २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न तिथे पुरत नाही आणि माणूस जोर लावतो. मग छिद्रातली तांब्याची नळी पायासोबत उपटून येते, आतल्या थराचा जोड तुटतो. त्यासाठी ६० वॉटचं, चपट्या टोकाचं आयर्न घ्या. पायाच्या जुन्या सोल्डरच्या डागावर थोडं ताजं ६०/४० (कथील-शिशाचं) सोल्डर घाला, म्हणजे जुनं लवकर वितळतं. एक पाय तापवून डबा किंचित कलवा, मग दुसरा. असं आलटून-पालटून करत तो आपसूक सुटतो. छिद्र सकरने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने) मोकळं करा. नाहीच झालं तर मागून तापवत पुढून दाताची काडी घाला. ड्रिल कधीच नको.

सांडलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, तो तांबं खातो. नवा बसवल्यावर उरलेले पाय कापा आणि शेजारच्या सोल्डर-डागांना सोल्डरचा पूल झाला नाही ना ते बघा. पहिल्यांदा फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एक रॅम लावून चालू करा.

तरीही सकाळचा त्रास राहिला तर दुसऱ्या एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) लावून बघा, त्यातलेही कपॅसिटर असेच मरतात. तो मात्र नवख्याने उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.